हर्क्युलिसचा मनोरा: छत्री हॉटेलवरच ठेवा

"शहरातच तर आहे, चालत जाऊन या," असं आम्हाला दोघातिघांनी सांगितलं होतं. ते बहुतेक उन्हात गेले असावेत.

स्पेनच्या वायव्य टोकाला, गॅलिशियातल्या आ कोरुन्या शहरात हा रोमन दीपस्तंभ आहे. जवळच्या सान्तियागो दे कॉम्पोस्तेला शहराहून रेल्वेने अर्धा तास लागतो. तो प्रवास सुखाचा, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मारिया पिता चौकापासूनची पायपीटही ठीक. खरी परीक्षा शेवटच्या चढाची. मनोऱ्यापर्यंत गाडी जात नाही, टॅक्सीसुद्धा खालच्या रस्त्यावरच सोडते. पुढे उघडाबोडका टेकाड आणि त्यावरची फरसबंद वाट. झाड नाही, आडोसा नाही, आणि डावी-उजवीकडून थेट अटलांटिकचा वारा. पाऊस वरून नाही, आडवा येतो. माझी छत्री पहिल्याच वळणावर उलटी झाली, बायकोची दुसऱ्या. टोपीचं जॅकेट आणि न घसरणारे बूट हवेतच. वाऱ्याच्या दिवशी लहान मूल कडेवर घेऊन हा चढ चढू नका, स्पष्ट सांगतो.

वर पोचल्यावर दुसरा धक्का. समोर दिसतो तो मनोरा रोमन वाटतच नाही, कारण बाहेरचं दगडी आवरण १७८८ ते १७९१ या काळातलं, एउस्ताकियो जियानिनी या अभियंत्याच्या देखरेखीखाली चढवलेलं. भिंतीवर तिरका वर चढत जाणारा पट्टा नीट बघा: रोमन काळी बाहेरून जो चढता मार्ग होता, त्याची ती आठवण. मूळ गाभा आत आहे. त्यामुळे आत शिरल्या शिरल्या लागणारा उत्खननाचा भाग घाईत ओलांडू नका. आमच्या पुढचा अख्खा घोळका जिन्याकडे पळाला आणि दोन हजार वर्षं जुना पाया तसाच मागे राहिला.

मग २३४ पायऱ्या. दम फारसा लागत नाही, वैताग येतो. उतरणारे त्याच जिन्याने येतात, त्यामुळे भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. पाठीवर मोठी सॅक असेल तर शिव्या खाल. वरून समुद्र दिसतो, शहर दिसतं, छान आहे. पण मला विचाराल तर पायथ्याचा शिलालेख त्याहून भारी. गायस सेवियस लुपस, आएमिनियमचा, म्हणजे आजच्या पोर्तुगालमधल्या कोइम्ब्राचा वास्तुरचनाकार. आपलं नाव कोरून गेला आणि दिवा अजून जळतोय!

उतरल्यावर भूक लागेल. खाली एका ठिकाणी आम्ही पेर्सेबेस मागवले, खडकाला चिकटून वाढणारे ते विचित्र, नखं असलेल्या बोटांसारखे जीव. फळ्यावरचा आकडा बघून खूश झालो होतो. तो भाव फक्त शंभर ग्रॅमचा होता. प्लेटमध्ये किती ग्रॅम येणार हे आधी विचारा, समोर वजन करायला लावा. आम्ही विचारलं नाही, आणि परतीच्या टॅक्सीचे पैसे तिथेच संपले. पुन्हा चालतच आलो, ओल्या मोज्यांनी.