आत्याच्या भाषणाची फाइल: इम्पोर्ट न होणाऱ्या व्हिडिओचा माझा अनुभव

आप्पांचे सहस्रचंद्रदर्शन गेल्या मार्गशीर्षात नाशिकला झाले. प्रत्येकाच्या हातात फोन असताना व्हिडिओवाल्याला वेगळे पैसे कशाला मोजायचे, असा सूर घरात निघाला आणि तो सूर लावणाऱ्यांत मीच पुढे होतो, हे आधीच मान्य केलेले बरे. त्यामुळे समारंभ आटोपल्यावर निरनिराळ्या फोनांतून आणि मेहुण्यांच्या जुन्या कॅमकॉर्डरमधून जमा झालेल्या ४३ फाइली जोडून पाऊण तासाची चित्रफीत करण्याचे काम साहजिकच माझ्या गळ्यात पडले.

त्यांपैकी ४२ फाइलींबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. भाच्याच्या आयफोनवरच्या फाइलींचा आवाज येत होता आणि चित्र मात्र काळे दिसत होते, कारण त्या एचईव्हीसी या नव्या कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे चित्र किंवा आवाज दाबून साठवण्याची पद्धत) होत्या आणि माझ्या विंडोजवर तो उलगडणारा घटक नव्हता. तो मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून किरकोळ पैशांत मिळाला. (आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमधील ‘फॉरमॅट्स’मध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले असते, तर हा प्रश्न आलाच नसता, पुढच्या कार्यापूर्वी भाच्याला बजावून ठेवले आहे.) बाकी सारे पहिल्या दोन संध्याकाळींत व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे ओळीने मांडायच्या पट्टीवर, येऊन बसले.

राहिली ती आत्याच्या भाषणाची फाइल. आत्या ७६ वर्षांची आहे आणि चारचौघांत ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली. १९७२च्या दुष्काळात आप्पा दुष्काळी कामांवर हजेरीपट लिहायला कसे जात, तेथे मिळालेली सुकडी धाकट्या भावंडांसाठी रुमालात बांधून कशी आणत, हे ती सांगत असताना सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. हे भाषण एकट्या आतेभावाने आपल्या फोनवर घेतले होते. त्याने दिलेल्या पेन ड्राइव्हवरून मी फाइल सॉफ्टवेअरमध्ये आत ओढली आणि पडद्यावर चौकट आली: फाइल इम्पोर्ट करता आली नाही, तिचा प्रकार चालत नाही किंवा ती खराब आहे.

या एका वाक्यावर माझा राग अजूनही शमलेला नाही. ‘किंवा’च्या अलीकडे एक रोग आहे आणि पलीकडे दुसरा, दोहोंचे उपचार वेगळे, आणि सॉफ्टवेअरला नेमके काय दिसले ते सांगण्याची त्याची तयारी नाही. डॉक्टरने ‘आपल्याला सर्दी झाली आहे किंवा पाय मोडला आहे’ असे लिहून द्यावे, तसा हा प्रकार.

मी अर्थातच पहिला अर्थ धरला, कारण तो सोयीचा होता. फाइलच्या नावाच्या शेवटचे ‘एमपीफोर’ बदलून ‘एमओव्ही’ केले. याने काही होत नाही, आणि होणारही नव्हते. एमपीफोर आणि एमओव्ही ही डब्यांची नावे आहेत. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतल्या लाडवांच्या चकल्या होत नाहीत. मग हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइल नव्याने तयार करू पाहिली, तर त्याने तिच्यात व्हिडिओच सापडत नसल्याचे कळवून हात वर केले. खरे तर त्याच क्षणी मी शहाणे व्हायला हवे होते. मी झालो नाही. मी संपादनाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या मदत कक्षाला लिहिले.

मदत कक्षाने नऊ दिवस घेतले. पहिल्या उत्तरात सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्यास सांगितले. ते केले. दुसऱ्या उत्तरात कॅशे, म्हणजे सॉफ्टवेअरचा तात्पुरता साठा, रिकामी करून ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करण्यास सांगितले. तेही केले, त्यात एक रविवार गेला आणि वर छपाईयंत्र संगणकाला ओळखेनासे झाले. तिसरे उत्तर मला विशेष लागले. फोल्डरचे नाव इंग्रजीव्यतिरिक्त अन्य लिपीत असल्यास अडचण येऊ शकते, तरी ते बदलून पाहावे. ‘आप्पांचे सहस्रचंद्रदर्शन’ या नावाच्या फोल्डरमधून ४२ फाइली विनातक्रार आत गेल्या होत्या, हे मी पहिल्याच पत्रात लिहिले होते. तरीही मी निमूटपणे फोल्डरला रोमन लिपीतले चार अक्षरी नाव दिले. परिणाम असा झाला की, आधीच्या ४२ फाइलीही सॉफ्टवेअरला सापडेनाशा झाल्या आणि टाइमलाइन लाल पट्ट्यांनी भरून गेली, कारण सॉफ्टवेअर फाइली स्वतःजवळ ठेवत नाही, त्यांचा पत्ता तेवढा लिहून ठेवते. पुन्हा जोडणी करण्यात एक संध्याकाळ गेली. सल्ला अगदीच निराधार नाही, हे न्यायासाठी सांगतो: काही जुनी सॉफ्टवेअरे देवनागरी नावांना खरोखरच अडतात, आणि विंडोजवर संपूर्ण पत्त्याला साधारण २६० वर्णांची जी मर्यादा अनेक सॉफ्टवेअरे अजून पाळतात, तीत आपल्या काना-मात्रा आणि जोडाक्षरांतले हलन्तही वेगवेगळे मोजले जातात. पण शेजारच्या फाइली त्याच फोल्डरमधून उघडत असतील, तर दोष फोल्डरच्या नावात नाही, एवढे तर्कशास्त्र मदत कक्षाकडून अपेक्षिले तर काय चुकले? शेवटी त्यांनी नमुन्यादाखल फाइल मागितली, आणि ज्या पानावर ती चढवायची, तेथे कमाल मर्यादा होती २५ मेगाबाइट. माझी फाइल १,७८० मेगाबाइटची.

त्या रात्री मी मीडियाइन्फो हे फाइलची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. ते फुकट आहे, लहानसे आहे, आणि हे काम मी पहिल्या दिवशी पाच मिनिटांत करायला हवे होते. कोणतीही फाइल त्यात टाकली की, डबा कोणता, चित्राचा कोडेक कोणता, सेकंदाला फ्रेम (सुटी चित्रे) किती आणि ती गती स्थिर आहे की बदलती, आवाज कोणत्या प्रकारचा, हे सारे ओळीने दिसते. भाच्याच्या फाइलीने पानभर मजकूर दाखवला. आत्याच्या भाषणाने फक्त तीन-चार ओळी दाखवल्या: नाव, डब्याचा प्रकार, आकार. चित्र नाही, आवाज नाही, कालावधी नाही. नंतर एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला विचारले, तर त्याने इंग्रजीत एवढेच उत्तर दिले की ‘मूव’ नावाचा भाग सापडला नाही. ४३ फाइलींच्या या सगळ्या प्रवासात मला मिळालेले हे पहिले सरळ उत्तर.

एमपीफोर फाइलचे दोन मोठे भाग असतात. एकात चित्र आणि आवाज यांचे तुकडे जसे येतील तसे साठत जातात, आणि दुसऱ्यात, म्हणजे या ‘मूव’मध्ये, कोणता तुकडा कोठे सुरू होतो, किती लांब आहे आणि कोणत्या कोडेकने वाचायचा, याची अनुक्रमणिका असते. फोन ही अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सर्वांत शेवटी लिहितो. ती लिहिण्यापूर्वीच फोन बंद पडला, तर पोथीची सगळी पाने हजर असतात, पण ती सुटी, पृष्ठांक नसलेली आणि एकमेकांत मिसळलेली.

मी आतेभावाला फोन केला आणि जो प्रश्न मदत कक्षाने, हँडब्रेकने किंवा मी स्वतः बारा दिवसांत विचारला नव्हता, तो विचारला: रेकॉर्डिंग थांबवलेस कसे?

‘‘थांबवलं कुठं? बॅटरीच गेली ना. तुला बोललो नव्हतो का रे?’’

बोलला नव्हता.

अशा फाइलीसाठी अनट्रंक नावाचा मुक्त प्रणालीतला कार्यक्रम आहे. त्याला दोन फाइली द्याव्या लागतात: एक मोडलेली, आणि दुसरी त्याच फोनवर, त्याच सेटिंगमध्ये घेतलेली धडधाकट. धडधाकट फाइलची अनुक्रमणिका पाहून तो मोडलेल्या फाइलमधले तुकडे ओळखतो आणि नवी अनुक्रमणिका बांधतो. येथे आणखी तीन दिवस गेले, आणि ते माझ्या घाईमुळे गेले. आतेभावाने मिनिटभराचा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवला, मी तो लगेच वापरला आणि अनट्रंकला काहीही ओळखता येईना. कसे येणार? व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना दाबून लहान करते. माझ्याकडे पोहोचलेली फाइल त्या फोनने लिहिलेली राहिलीच नव्हती. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तर जशीच्या तशी येते. समारंभाच्या फाइली नातेवाइकांकडून मागवतानाही हेच सांगावे, असे आता सुचते. काकूंच्या फोनवरचे औक्षण मला याच कारणाने धूसर मिळाले आहे.

नमुना नीट आल्यावर आधी हिशेब केला. धडधाकट फाइलचा वेग सेकंदाला १७ मेगाबिट होता, म्हणजे मिनिटाला सुमारे १२७ मेगाबाइट. त्या मानाने १,७८० मेगाबाइटमध्ये १४ मिनिटांचे भाषण असायला हवे. मूळ फाइलची प्रत बाजूला काढून ठेवली (हे अवश्य करावे, शिवाय आतेभावाला फोनमधील मूळ फाइल पुसू नकोस असे दोनदा सांगितले), आणि अनट्रंक चालवले. काही मिनिटांनी नवी फाइल तयार झाली: १३ मिनिटे ४१ सेकंद. ती आत ओढताना माझा हात थोडा थरथरला, हे लिहायला आता संकोच वाटत नाही. टाइमलाइनवर आत्या उभी राहिली. जरीकाठी साडी, हातात घडी घातलेला कागद, आणि त्या कागदाकडे एकदाही न पाहता चाललेले बोलणे.

शेवटाकडे मात्र ओठ पुढे आणि आवाज मागे पडू लागला. सभागृहात प्रकाश कमी असल्यामुळे फोनने अधूनमधून सेकंदाला ३० पेक्षा कमी फ्रेम घेतल्या होत्या आणि दुरुस्त फाइलीत त्या सगळ्या सारख्या अंतराने बसल्या होत्या. अकराव्या मिनिटानंतर बहीण निरांजनाचे तबक टेबलावर ठेवते. ते टेकताना दिसते तो क्षण आणि त्याचा खणकन आवाज यांत अडीच सेकंदांचे अंतर निघाले. आवाज वेगळा करून चित्राची गती ९९.६ टक्के केली, तेव्हा तबक आणि खणखणाट एकत्र आले. फाइल मोडलेली नसली, तरी फोनच्या लांबलचक चित्रणात असे अंतर पडू शकते. अशा वेळी हँडब्रेकमध्ये स्थिर फ्रेमगती निवडून फाइल आधीच बदलून घेतली, तर हा खटाटोप वाचतो.

भाषण ‘‘आणि त्या दिवशी घरी आल्यावर आप्पा मला म्हणाला’’ येथे तुटते. तेथे बॅटरी संपली. पुढचे वाक्य विचारण्यासाठी मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, तिला आठवत नाही, आप्पालाच विचार. आप्पांना विचारले. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘‘मी कशाला काय म्हणेन? मी तर झोपलो असेन.’’