सोमवारची एलिफंटा

जोडपं घेऊन फिरताना पहिल्या दहा मिनिटांत मी एक अंदाज बांधते: दोघांपैकी आलंय कोण आणि आणलं गेलंय कोण. जो आलेला असतो त्याच्या हातात कागद असतो. जो आणलेला असतो त्याच्या हातात पाण्याची बाटली. बावीस वर्षांच्या गाइडगिरीत हा अंदाज फारसा चुकला नव्हता.

त्या सोमवारी कुलाब्याच्या हॉटेलच्या लॉबीत सत्तरीच्या आसपासचं जर्मन जोडपं उभं होतं. काकांच्या हातात एजन्सीने छापून दिलेला कार्यक्रम, प्लास्टिकच्या कव्हरात. काकूंच्या हातात बाटली. (मी मनातल्या मनात सगळ्यांना काका-काकूच म्हणते. जर्मन मॅक्सम्युलर भवनात शिकले असले तरी मन गिरगावातलंच आहे.) झालं, अंदाज पक्का.

कागदावर लिहिलं होतं: सकाळी नऊ, एलिफंटा. आणि एलिफंटाची लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेवरचा फुगेवालाही हे सांगेल. पण कुठेतरी लांब एसीत बसून कार्यक्रम आखणाऱ्याला तो भेटतो कुठे? मी काकांना समजावलं. त्यांनी ती ओळ बोटाने दाखवली. "पण इथे छापलं आहे." दिवसभरात हे वाक्य मी पाच-सहा वेळा तरी ऐकलं.

बदली कार्यक्रम मला तोंडपाठ असतो. आधी सीएसएमटी. काकांना आकडे लागत, ते मी दिले: काम सुरू १८७८, पूर्ण १८८८, वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, जागतिक वारसा यादीत २००४ पासून. इथल्याच बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा ही इमारत नव्हती, हेही सांगितलं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे इंग्रजांचा सिंह, दुसरीकडे आपला वाघ. काकांनी दोघांचे फोटो काढले. काकूंनी ना सिंह पाहिला ना वाघ. त्यांचं लक्ष होतं रस्त्यावरच्या एका हातगाडीकडे. हॉटेलातल्या चादरींची गाठोडी चालली होती. मला वाटलं, कंटाळल्या.

क्रॉफर्ड मार्केट उरकलं. साडेअकराला चर्चगेटवर डबेवाले दाखवले. ते नेहमीच चालतं. मग मी महालक्ष्मीपर्यंत लोकलने जायचं ठरवलं. दुपारच्या स्लो गाडीला गर्दी नसते, पाचच स्टेशनं, पाहुण्यांना लोकलमध्ये बसल्याचं समाधान. सकाळीच दोघांना बजावलं होतं, खिसे सांभाळा. मोबाइल, पाकीट सगळं काकूंच्या पर्समध्ये ठेवा. त्यांनी ते इमानदारीने केलं होतं.

आमच्या धंद्याचा साधा नियम आहे: चढताना पाहुणे आधी, उतरताना गाइड शेवटी. महालक्ष्मीला काकूंचा गुडघा धड नाही म्हणून मी त्यांचा हात धरून आधी उतरले. वळून पाहते तो काका पलीकडच्या दारात उभे राहून मफतलाल का कुठल्याशा मिलच्या चिमणीचा फोटो काढताहेत. हाक मारली. ते आले, पण गाडी वीस-पंचवीस सेकंदांवर थांबत नाही. दारात पोचले तेव्हा गाडी हलली होती. त्यांनी एक पाय पुढे टाकला.

"निश्त श्प्रिंगन!" मी अशी ओरडले की प्लॅटफॉर्मवरचा कुत्राही उठला. उडी मारू नका, एवढंच. त्यांना माझं ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण दारातल्या एका पोराने त्यांच्या छातीवर आडवा हात टाकून त्यांना आत ढकललं. तो आडवा हात मला अजून दिसतो.

काका गेले. फोन नाही, पैसे नाहीत, मराठी-हिंदी नाही, इंग्रजी कामापुरतं. माझे पाय लटलट कापत होते. काकूंना बाकावर बसवून मी स्टेशन मास्तरांकडे धावले. त्यांनी शांतपणे पुढच्या स्टेशनांना कळवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, असे काका रोज दोन-चार तरी वाहून जात असावेत. परत आले तर काकू बाटलीचं बूच लावत होत्या.

"तो सापडेल," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे कागद आहे."

आणि खरंच, वीस मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, तुमचे अंकल आमच्याकडे आहेत. कागदावर खाली तुमचा नंबर होता. दादरला उतरवलंय. परतीच्या गाडीत बसवून देऊ का?"

"नको, नको!" मी परत ओरडले. चुकून फास्टमध्ये बसवलं तर ती महालक्ष्मीला थांबणारच नाही, काका सरळ मुंबई सेंट्रल. त्या भल्या माणसाने त्यांना दादरच्या स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात नेऊन बसवलं. मी काकांशी बोलले. ते ठीक होते. चहा मिळाला होता, आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाबद्दल त्यांना काही शंका होत्या.

टॅक्सी पकडायला आम्ही बाहेर पुलावर आलो. पुलाच्या कठड्यावरून खाली धोबीघाट दिसतो. मी पाहुण्यांना दहा मिनिटं तिथूनच दाखवते आणि पुढे नेते; कोणी कमरेएवढ्या पाण्यात राबतंय आणि आपण वरून फोटो काढतोय, हे मला कधीच बरं वाटलेलं नाही. त्या दिवशी तर दहा मिनिटंही नव्हती. पण काकू थांबल्या.

"मला खाली जायचंय."

मी म्हटलं, काका वाट बघताहेत.

"तो बसला आहे ना? चहा मिळालाय ना? मग घाई कसली?"

आणि गुडघा दुखणाऱ्या त्या बाई कठडा धरून जिना उतरायला लागल्यासुद्धा.

खाली गेल्यावर कळलं. एकतीस वर्षं त्यांनी एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम केलं होतं. कार्यक्रमात धोबीघाट हवा म्हणून त्यांनी घरी दोनदा सांगितलं होतं. कागदावर तो उतरलाच नव्हता. मुंबई ठरवली होती ती त्यांनी. आलेल्या त्या होत्या.

पुढचा पाऊण तास मी फक्त दुभाष्याचं काम केलं. इतक्या घरांचे, हॉटेलांचे कपडे एकत्र येतात, मग मिसळत कसे नाहीत? एका म्हाताऱ्या धोब्याने शर्टाची कॉलर उलटून शाईची बारीक खूण दाखवली. काकूंनी मान डोलावली; त्यांच्याकडे शिवलेले आकडे असत. मग चादरीवरच्या रक्ताच्या डागाची गोष्ट निघाली. "ठंडा पानी," धोबी म्हणाला. मी भाषांतर करायच्या आत काकू जर्मनमध्ये तेच म्हणाल्या: थंड पाणी, गरम घातलं की डाग बसलाच. म्हातारा माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, इनको तो सब आता है."

दोऱ्यांपाशी मात्र त्या अडल्या. एवढे कपडे वाळत होते, वारा होता, आणि चिमटा एकही नाही. म्हाताऱ्याने हाताने दाखवलं: दोन दोऱ्या एकमेकींत पिळून ताणलेल्या असतात, त्यांचा पीळ बोटांनी सैल करायचा, कापडाचं टोक आत सरकवायचं, सोडायचं. पीळच धरून ठेवतो. काकूंनी बाटली माझ्याकडे दिली, एक उशीचा अभ्रा घेतला आणि टोक सरकवलं. पहिला निसटला. दुसरा बसला. त्यांनी तो दोनदा ओढून पाहिला.

माझा फोन एवढ्यात तीनदा वाजला होता.

दादरला काका स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात खुर्चीवर ताठ बसले होते, मांडीवर कागद. बराच वेळ लागला, एवढंच ते म्हणाले. काकू त्यांच्या शेजारी बसल्या आणि दोन्ही हातांनी हवेत दोऱ्या पिळून दाखवायला लागल्या. काका बघत राहिले. मला वाटतं एकही आकडा नसलेली गोष्ट त्यांनी दिवसभरात पहिल्यांदाच ऐकली असावी.

टॅक्सीत मी माफी मागितली, चूक सर्वस्वी माझी होती. एजन्सीकडे तक्रार जाणार, हे मी धरूनच चालले होते. आठवड्याने अभिप्रायाचा फॉर्म आला, तो मला दाखवायला बोलावलं. वर काकांचं टोकदार अक्षर: एलिफंटा सोमवारी बंद असते हे आधी कळवायला हवं होतं. महालक्ष्मी, दादर, कशाचाच उल्लेख नाही. त्याखाली दुसऱ्या, गोल अक्षरात एकच ओळ होती. एजन्सीतल्या मुलाला ती काही केल्या लागेना, म्हणून त्याने मलाच तिचा अर्थ विचारला.

"चिमटे लागत नाहीत."