लिंबाळीचा कोष

आज सकाळी सातच्या सुमारास लिंबाळी फुलपाखराचा कोष उकलला. तीन आठवड्यांपूर्वी कुंडीतल्या लिंबाच्या पानावर पडलेली पक्ष्याची शीट पुसायला मी ओले फडके घेऊन गेले, तेव्हा ती शीट हलली, म्हणूनच ही अळी वाचली. तपकिरी अंगावर पांढरे पट्टे आणि वर ओलसर चकाकी, असे हुबेहूब सोंग घेऊन ती भर उजेडात बसलेली असते. चौथ्यांदा कात टाकल्यावर मात्र ती हिरवीगार झाली आणि तिने कोवळ्या पानांचा अक्षरशः फडशा पाडला. एकदा चुकून बोट लागले, तर डोक्यामागून लालसर, दुभागलेले शिंग बाहेर आले आणि उग्र दर्प सुटला.

सर्वांत जास्त घाबरले ते कोष होण्याच्या आदल्या दिवशी. खाणे बंद, अंग आखडलेले, खाली पातळ विष्ठेचा डाग. ती आता मरणार, अशीच माझी समजूत झाली. वास्तविक ती पोट रिकामे करत होती. रात्री तिने शेपटीकडचा भाग रेशमाच्या इवल्या गादीत रोवला, पाठीवरून एक धागा पट्ट्यासारखा घेतला आणि फांदीपासून किंचित बाहेर झुकून ती स्थिरावली. दुसऱ्या दिवशी शेवटची कात खाली सरकत गेली, तर आत कोष तयारच होता. फुलपाखरू कोष विणते असे आपण सहज म्हणतो. इथे रेशीम लागले ते एवढ्या टेकूपुरतेच, कवच म्हणजे तिचीच नवी त्वचा. पंख ज्यांतून घडतात ते पेशींचे पुंजके अळीच्या अंगात आधीपासूनच असतात, हे ठाऊक असूनही पटायला जड जाते.

काल संध्याकाळी कवचाआडून पिवळट ठिपके दिसू लागले होते. आज बाहेर आलेल्या जिवाचे पंख भिजल्या कागदासारखे चुरगळलेले होते, आणि अंगातला द्रव शिरांत भरत गेला तसतसे ते उलगडले. मागच्या पंखावरचा विटकरी ठिपका तेव्हा कुठे नीट दिसला. तेवढ्या वेळात ती सोंडेचे दोन सुटे धागे पुन्हा पुन्हा गुंडाळून एकमेकांत बसवत होती. ते जुळले नाहीत तर मध पिता येत नाही.

शेजारच्या फांदीवरच्या दुसऱ्या कोषाला मात्र टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले आहे. त्यातून परजीवी गांधीलमाश्या निघून गेल्या असाव्यात. कोष हाताला अगदी हलका लागला.