खिडकीच्या आतला नांदरूक

आमच्या नेरूळच्या सोसायटीत ग्रिलबाहेर कुंड्या ठेवायला मनाई आहे. खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी ठिबकतं, एखादी कुंडी कुणाच्या डोक्यात पडली तर काय, ही कारणं रास्तच आहेत. बाल्कनी म्हणाल तर ती आधीच्या मालकांनीच खोलीत घेतलेली. त्यामुळे फायकसचं छोटं बोन्साय घरी आलं तेव्हा जागेवर चर्चा झालीच नाही. पूर्वेची खिडकी, तीही आतून.

नर्सरीत 'जिनसेंग' म्हणून मिळणारं हे फायकस मायक्रोकार्पा म्हणजे आपला नांदरूक, वड-पिंपळाच्या कुळातला. खाली फुगीर मुळं आणि वर बारीक पानांच्या फांद्या, त्या बहुतेक वेळा कलम केलेल्या. मावशीने पाहिल्याबरोबर सांगितलं, "वामनवृक्ष घरात ठेवू नये गं, प्रगती खुंटते." माझं प्रमोशन झाड यायच्या आधीपासून अडकलंय, तो आळ काही झाडावर घालता येणार नाही.

आल्या आल्या पानगळ सुरू झाली. जागा बदलली, उजेड कमी झाला की नांदरूक पानं टाकतो, हे माहीत असूनही जीव खालीवर होतो. अशा वेळी हात पाण्याच्या तांब्याकडे जातो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. पानं कमी झाली की झाडाला पाणीही कमी लागतं. मी नखाने फांदीची साल जराशी खरवडून बघितली. आत हिरवं होतं, लगेच पांढरा चीक आला. झाड जिवंत होतं.

खरी भानगड कुंडीत होती. वरचे पांढरे खडे मातीला गोंदाने चिकटवलेले. पाणी घातलं की ते कडेकडेने सरळ बशीत उतरायचं. लोणी लावायच्या सुरीने ते खडे उचकटले आणि जूनमध्ये, पावसाची दमट हवा सुरू झाल्यावर, झाड अलगद बाहेर काढलं. बाहेरची माती कोरडी, मधला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा चिंब आणि आंबूस वासाचा. त्यातली काही मुळं काळी पडलेली. बोटात धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून यायची, आत नुसता दोरा उरायचा. चांगली मुळं तांबूस आणि टणक होती. काळी सगळी कापली, चांगल्यांना फारसा हात लावला नाही. एरवीही एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुळं काढू नयेत.

नवी भरण करताना विटेचा चुरा दोन भाग, क्रश सँड एक भाग, गांडूळखत एक भाग घेतलं. विटा फोडून दोनदा चाळल्या. पूड टाकून दिली, तीन ते पाच मिलिमीटरचे तुकडे ठेवले. बारीक पूड राहिली तर पुन्हा चिखलच होतो. क्रश सँड म्हणजे फोडलेला काळा दगड. ती धुऊन घेतली की झालं. खाडीची रेती मात्र नको, ती खारट असते.

एवढं करूनही नवे कोंब लांबुडके येत होते, दोन पानांत बोटभर अंतर. म्हणजे उजेड अपुरा. आपल्या डोळ्यांना हे कळत नाही, कारण ते अंधाराला जुळवून घेतात. मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं ॲप घेतलं. त्याचे आकडे काटेकोर नसतात, पण तुलना कळते. भर दुपारी उघड्यावर एक लाखाच्या आसपास लक्स असतात. खिडकीला लागून सकाळच्या उन्हात काही हजार मिळत होते आणि टीव्हीजवळ, जिथे झाड 'शोभून दिसेल' असं घरच्यांचं मत होतं, तिथे काहीशे. टीव्हीचा प्रस्ताव तिथेच बारगळला.

पावसाळ्यात तर खिडकीतही आभाळ दाटलेलं. म्हणून 20 वॅटची साधी पांढरी एलईडी बॅटन (नळीसारखा दिवा), 6500 केल्व्हिनची म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाची, शेंड्याच्या वीतभर वर टांगली आणि टायमर लावून रोज 12 तास चालू ठेवली. महिन्याला सात-साडेसात युनिट. त्यानंतर आलेली पानं लहान आणि जवळजवळ आली.

बोन्सायवरची बरीच पुस्तकं थंड देशांसाठी लिहिलेली असतात. तिथे हे झाड हिवाळ्यात घरात घ्यावंच लागतं, हीटरमुळे हवा कोरडी होते, म्हणून खड्यांच्या ट्रेमध्ये पाणी ठेवा, फवारा मारा असे सल्ले येतात. आमच्याकडे जुलैत भिंतींना घाम येतो! पाण्याचा ट्रे म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी तपासणीला आले की आधी कुंड्यांखालच्या बश्याच बघतात. मी पाणी मोरीत नेऊन घालते, पूर्ण निथळू देते आणि मगच कुंडी जागेवर ठेवते. पाणी मोरबे धरणाचं, त्यामुळे बोअरच्या पाण्यासारखा क्षारांचा पांढरा थर चढत नाही. कोरडी हवा आमच्याकडे एकच यंत्र बनवतं, ते म्हणजे एसी. त्याच्या झोतात झाड ठेवायचं नाही, बस्स.

बाकी फार सोपं आहे. फांदीला सहा-आठ पानं आली की दोन-तीन ठेवून खुडायची. कलमाच्या खालून फुटवा आला तर लगेच काढायचा, नाहीतर तोच जोर धरतो आणि वरची बारीक पानं मागे पडतात. पिठ्या ढेकूण दिसले की ओल्या फडक्याने पुसायचे, मग निंबोळी तेल. खत वाढीच्या दिवसांत, 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) पाकिटावर सांगितलेल्या निम्म्या मात्रेत. घरात पेंड भिजवायच्या फंदात पडू नका, वास जात नाही. आणि खोड जाड होईल ही आशा सोडा. त्यासाठी उघड्यावर मोकळं वाढू द्यावं लागतं.

गणपतीत आम्ही कोकणात जातो तेव्हा किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. काकूंचा हात सढळ, तुळसही त्यांनी कायम चिंब ठेवलेली. म्हणून कुंडीत आइस्क्रीमची लाकडी काडी खोचून ठेवली आहे. काडी उपसून बघायची, ओली निघाली तर तशीच परत खोचायची, कोरडी निघाली तरच पाणी. यंदा परत आले तर काकू म्हणाल्या, "अगं, रोज बघत होते, कोरडी झालीच नाही एकदाही. मग नाही घातलं. पण बरं नाही वाटलं हो मनाला."