थंड नळीतली पहिली गोळी

पेनसिल्व्हेनियात हरणांचा फ्लिंटलॉक सीझन २६ डिसेंबरला सुरू होतो. नाताळ उरकलेला असतो, बहुतेकांच्या आधुनिक रायफली तेलपाणी होऊन कपाटात गेलेल्या असतात आणि ब्लू माउंटनच्या उतारावर चकमकीच्या बंदुका घेतलेली मोजकी माणसं उरतात. नुसती ठासणीची बंदूक असून इथे भागत नाही. ठिणगी गारगोटीचीच पडली पाहिजे, असा नियम आहे. १९७४ पासून हा सीझन चालू आहे. मी बर्क्स काउंटीत राहते आणि वर्षातले माझे सगळ्यात आवडते दिवस हेच.

ओळखीचे लोक विचारतात, तुझ्या बंदुकीत दारू किती भरतेस? एका आकड्यात सांगायचं तर ६५ ग्रेन (ग्रेन हे दारूगोळी मोजायचं बारीक एकक). पण तो आकडा माझ्या नळीचा आहे. दुसरीच्या नळीला तो लागू पडेलच असं नाही. एकाच कारागिराने एकाच महिन्यात केलेल्या दोन नळ्यासुद्धा वेगवेगळं मागतात. त्यामुळे मी आकड्यापेक्षा तो कसा शोधला ते सांगते.

आधी बंदूक. लँकेस्टर घाटाची लांब रायफल, मेपलचा दस्ता, .५० कॅलिबर, म्हणजे नळीचं भोक अर्ध्या इंचाचं. अठराव्या शतकात जेकब डिकर्टसारखे जर्मन कारागीर लँकेस्टरमध्ये अशा रायफली घडवत. माझी त्याच चालीवर अलीकडे बनवलेली आहे. नळीच्या आतल्या पन्हळींना ६६ इंचांत एक पूर्ण पीळ आहे. हा पीळ संथ आहे आणि कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीला तोच मानवतो. लांबट गोळी मारायची असेल तर २८ इंचांत एक पीळ अशी नळी लागते. ४८ वाली नळी दोन्ही चालवून घेते. शिकारीचा बार शोधायला बसण्याआधी हा एक आकडा माहीत असलाच पाहिजे, नाहीतर चुकीच्या गोळीवर दारूचे डबे रिकामे होतात.

माझ्या आजोकडे कुडाळजवळच्या गावात ठासणीची बंदूक होती. शेतसंरक्षणाचा परवाना होता, निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची आणि निकाल लागल्यावर परत मिळायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच नव्हता. माकडं आणि रानडुकरं पांगवायला आजो नुसता बार उडवायचा. ती नळी आतून गुळगुळीत होती, तिच्याकडून रायफलीसारख्या नेमाची अपेक्षा नव्हतीच. तरीही दारू मापातून घ्यायची, नारळाच्या सोडणाचा बोळा तेवढाच, गजाचे ठोके तेवढेच. "आदी बार एकसारखो भर, मगे नेमाचा बघ," असं तो म्हणायचा. इथे रेंजवर बसून मी जे काही करते ते यातल्या पहिल्या अर्ध्यातच मोडतं.

एकसारखा म्हणजे काय, ते सांगते. दारू वजनाने नाही, मापाने घ्यायची: पितळी माप काठोकाठ भरायचं, कडेला बोटाने दोनदा टिचकी मारायची, वरचं निपटून काढायचं. टिचक्या दोन तर दरवेळी दोनच. दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत दारू कधीच ओतायची नाही. आत एखादा निखारा धुमसत असेल तर हातातलं अख्खं शिंग पेटेल. दारू फक्त काळी. आधुनिक बिनधुराची दारू या नळीत चिमूटभरही घालायची नाही, नळी फुटते. गोळी दारूवर नीट टेकलेली हवी, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. माझ्या गजावर चाकूने खूण केलेली आहे. बार पूर्ण बसला की ती खूण नळीच्या तोंडाशी येते. आली नाही तर मी चापाला बोट लावत नाही.

या दारूची एक गोष्ट मला नेहमी आठवते. इथून दोनेक तासांवर, डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन ओढ्याकाठी ड्युपाँट कुटुंबाने १८०२ मध्ये दारूचा कारखाना काढला. काळ्या दारूचा जीव म्हणजे सोरा, आणि त्या काळी उत्तम सोरा यायचा तो बिहारमधून, इंग्रजांच्या हातून. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटल्यावर लॅमॉट ड्युपाँट इंग्लंडला जाऊन मिळेल तेवढा हिंदुस्थानी सोरा विकत घेत सुटला. तेवढ्यात ट्रेंट जहाजावरून दोन देशांत तंटा उभा राहिला आणि इंग्रज सरकारने तो माल बंदरातच अडवला. तंटा मिटला तेव्हाच जहाजं सुटली. बिहारच्या गावांमधली माती खरवडून सोरा काढणाऱ्या नोनिया लोकांच्या मेहनतीवर इथली लढाई अवलंबून होती. ब्रँडीवाइनचे ते दगडी कारखाने आता संग्रहालय म्हणून जपलेत. सवड असेल तर जरूर बघा.

तर, शोध. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी प्रयोगशाळेतल्या नोकरीतून इथे आणला. गोळी शुद्ध शिशाची, ०.४९० इंचांची, वजनाला १७७ ग्रेनच्या आसपास. कापड गादीच्या अभ्र्याचं, घट्ट विणीचं, पट्ट्यापट्ट्यांचं. दारू बारीक दाण्याची, तीन एफची (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक). सुरुवात कॅलिबरइतक्याच ग्रेनपासून, म्हणजे पन्नासपासून, आणि पुढे पाच-पाचने वर. अंतर ५० यार्ड, बंदूक वाळूच्या पिशवीवर, प्रत्येक मापाच्या पाच गोळ्या. दर बारानंतर ओलसर चिंधी एकदा खाली-वर, मग कोरडी एकदा. हे पुसणंही बाराचाच भाग आहे. एका गोळीआधी पुसलं आणि दुसरीआधी नाही, तर ती दोन वेगळ्या बंदुकांची भोकं समजा.

कागदावरच्या भोकांइतकंच मी गवतात पडलेल्या चिंध्या वाचते. गोळी नळीबाहेर पडली की कापड सुटतं आणि दहा-पंधरा यार्डांवर कुठेतरी पडतं. ते उचलून उलगडून बघा. चांगल्या चिंधीच्या मधोमध काजळीचा गोल असतो, भोवती पन्हळींचे ठसे एकसारख्या अंतरावर उमटलेले असतात आणि कडा फक्त धुराने पिवळट झालेल्या असतात. चिंधी धुऊन पुन्हा वापरता येईल इतकी धड दिसली पाहिजे. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे, तेल कमी आहे किंवा दारू जास्त. सरळ रेषेत चिरे गेले असतील तर नळीच्या तोंडाशी कडा धारदार आहेत आणि त्या घासून गुळगुळीत कराव्या लागतील. माझ्या नळीत ०.०१५ इंचांच्या कापडाला साठच्या पुढे जाळ लागायला लागला. ०.०१८ चं घेतलं, गोळी ठासायला जोर जास्त लागला, पण चिंध्या धड परत यायला लागल्या आणि भोकंही जवळ आली. दारूचं माप अजिबात न बदलता.

तेलाबद्दल दोन शब्द. रेंजवर थुंकी लावलेली चिंधी झकास चालते, इथले जुनेजाणते तोंडात चिंधी धरूनच बसतात. शिकारीत मात्र बार तासन्‌तास भरलेला राहतो, थुंकी वाळते आणि नळी गंजवते. म्हणून मी मधमाशीचं मेण आणि ऑलिव्ह तेल कोमट करून एकत्र केलेलं वापरते. थंडीत ते घट्ट होऊ नये म्हणून मेण अगदी थोडं.

आता मुद्द्याची गोष्ट. माझ्या नळीतून सगळ्यात घट्ट गुच्छ ७५ ग्रेनला आला, पाची भोकं सव्वा इंचात. कुणीही म्हणेल, झालं, हाच बार. पण तो गुच्छ तापलेल्या, आधी चार बार उडून गेलेल्या नळीचा होता. हरणासमोर माझ्या हातात असते ती थंड, धुतलेली, पुसलेली नळी, आणि गोळी मिळते एकच. दुसरा बार भरेपर्यंत हरीण डोंगरापार गेलेलं असतं. म्हणून मी एक वेगळा कागद ठेवला आहे. रेंजवर गेले की दिवसाची पहिली गोळी त्या कागदावर, मग कागद काढून पिशवीत. पुढच्या खेपेला तोच कागद पुन्हा तिथेच टांगायचा. प्रत्येक भोकाशेजारी दारूचं माप आणि तापमान लिहायचं. महिने लोटले की तो कागद जे सांगतो ते वाळूच्या पिशवीवरचा कुठलाही गुच्छ सांगत नाही.

७५ ग्रेनची पहिली गोळी दरवेळी गुच्छाच्या अडीच-तीन इंच वर जात होती. ६५ चा गुच्छ पावणेदोन इंचांचा, थोडा ढिला, पण पहिली गोळी त्याच्या आतच. स्वच्छ नळी आणि काजळी बसलेली नळी यांत गोळीला होणारा अडथळा वेगळा असतो. काही माप तो फरक पोटात घालतं, काही घालत नाही, आणि कुठलं घालेल हे नळीला विचारल्याशिवाय कळत नाही. मी ६५ घेतलं आणि मला त्यात काडीचाही संशय नाही. एक अट आहे: साठवणीचं तेल नळीत राहता कामा नये. निघायच्या आदल्या रात्री स्पिरिटची चिंधी, मग कोरडी, चिंधी पांढरी येईपर्यंत.

६५ ने हरणाला पुरेल का, हा प्रश्न रास्त आहे, कारण जखमी होऊन निसटलेलं जनावर हे शिकाऱ्याचं पाप आहे. गोल गोळी हवेत फार लवकर मंदावते. माझी गोळी नळीच्या तोंडाशी सेकंदाला सतराशे फुटांच्या आसपास असते, ६० यार्डांवर तेराशेच्या जवळ येते. दारू ८० केली तर तोंडाशी वेग बराच वाढतो, पण ६० यार्डांवर पोचेपर्यंत त्यातला मोठा भाग हवेनेच खाल्लेला असतो. उरतो तो धक्का आणि जळक्या चिंध्या. अर्ध्या इंचाची मऊ शिशाची गोळी पुढच्या खांद्यामागे बरगड्यांत नेमकी बसली तर त्या अंतरावर काम चोख होतं. माझी मर्यादा ६० यार्ड, आणि तीसुद्धा जनावर आडवं उभं असेल तरच. समोरून किंवा पाठमोऱ्यावर मी बार टाकत नाही.

चकमकीचं तंत्र नेमातच धरायला हवं. घोड्याच्या जबड्यात चामड्यात धरलेली गारगोटी घट्ट हवी, धार सरळ हवी आणि पोलादी पत्र्यावर ती पूर्ण रुंदीने घासली पाहिजे. नळीच्या बाजूला ठिणगी झेलणाऱ्या प्याल्यात रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, तीन-चार ग्रेन, चार एफची, आणि ती नळीच्या कानावर, म्हणजे आत जाणाऱ्या बारीक भोकावर, न लोटता थोडी बाहेरच्या बाजूला. कान रंजकेने बुजला तर ती वातीसारखी जळत आत जाते आणि बार रेंगाळतो. मोकळा असेल तर ज्वाळेची धग थेट आत पोचते. दर बाराआधी मी तारेने कान टोचून घेते. तरीही ठिणगी आणि बार यांच्यामध्ये एक क्षण असतोच, आणि डोळ्यांपुढे प्याला भडकतो. त्या क्षणात माशी जागची हलू द्यायची नाही, धूर झाल्यावरही नेम धरून ठेवायचा. यासाठी मी घरी गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा लावून रिकामी बंदूक चालवते. संक्रांतीपर्यंत खांदा शाबूत राहतो आणि दारूही वाचते.

यंदा एकच गोष्ट तपासते आहे: रात्रभर भरून ठेवलेला बार. इथल्या कायद्याने प्याल्यातली रंजक काढली की बंदूक रिकामी धरतात, त्यामुळे नळीतला बार दुसऱ्या दिवसासाठी तसाच ठेवता येतो. मी मात्र तिला भरलेली समजूनच हाताळते. रंजक पुसायची, कानात पिसाची काडी खोचायची आणि बंदूक बाहेरच्या थंड शेडमध्ये कुलपात. घरात आणायची नाही, उबेत आली की नळीला दहिवर सुटतं. शंका चिंधीच्या तेलाची होती, ते रात्रीत खालच्या दारूत झिरपतं का? म्हणून दारू आणि गोळी यांच्यामध्ये गांधीलमाशीच्या सोडलेल्या पोळ्याचा कागद चुरगळून घालते, हा इथला जुना उपाय आहे. तो कागद सहसा पेट घेत नाही, नुसता काळवंडतो. रात्रभर राहिलेल्या बारांची भोकं मी पहिल्या गोळीच्या त्या वेगळ्या कागदावर लाल शाईने गोल केली आहेत. शून्याखालच्या कोरड्या थंडीत ती बाकीच्यांतच पडली. पावसाच्या दिवसांनंतरची एक-दोन खाली घसरली आणि बारही किंचित रेंगाळला. तेव्हा पावसात भिजून आले तर बार ठेवायचा नाही, असं ठरवलं आहे. रंजक पुसून, कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्याने गोळी मऊ मातीत ढकलून काढायची, गरम पाण्याने नळी धुवायची आणि सकाळी नवा बार भरायचा.