निकोसियाचं गटार

सायप्रसला लोक बीचसाठी जातात, मी राजधानी निकोसियातच रमलो. लेड्रा स्ट्रीटवर आइस्क्रीम खात चाललो होतो तर मधेच टपरीएवढी चौकी, पासपोर्ट दाखवा, मग थोडा ओसाड पट्टा, मग दुसऱ्यांची खिडकी, परत पासपोर्ट, आणि पलीकडे एकदम तुर्की पाट्या आणि लिरा. हे क्रॉसिंग २००८ ला उघडलं. शेजारच्या गल्ल्या मात्र अजून ड्रम आणि वाळूची पोती लावून बंदच आहेत.

डिसेंबर १९६३ मध्ये ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांत मारामाऱ्या पेटल्या तेव्हा एका ब्रिटिश जनरलने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ मारली, म्हणून ग्रीन लाइन. १९७४ ला तुर्की सैन्य उतरलं आणि रेघेची सरहद्दच झाली, दक्षिणेला ग्रीक, उत्तरेला तुर्की. मधे यूएनची शांतिसेना. (आपले जनरल थिमय्या तिचे कमांडर होते, १९६५ ला तिथेच वारले.)

पण मला भारी वाटली ती गटाराची गोष्ट. माणसं अडवता येतात हो, मैला कसा अडवणार? पाणी वाहतं उत्तरेकडे, सांडपाण्याचा प्लांटही उत्तरेत, आणि पाइप दोन्हीकडे. दक्षिणेला उत्तरेचा कारभार मान्यच नाही, मग करार करायचा कुणी आणि कुठला शिक्का मारून? १९७८ ला दोन महापौर, दक्षिणेचे लेलोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी, हुद्दे-बिद्दे बाजूला ठेवून बसले आणि यूएनडीपीला, म्हणजे यूएनच्या विकास कार्यक्रमाला, मधे घातलं. गटाराचं जमलं तसं पुढच्याच वर्षी अख्ख्या शहराचा मास्टर प्लॅन हातात घेतला, आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी दोन शक्यता धरून आखणी केली, एक शहर असंच तुटलेलं राहिलं तर आणि एक जोडलं गेलं तर. जुने वाडे दुरुस्त केले तेही रेघेच्या दोन्ही बाजूंना, अलीकडे ख्रिसालिनियोतिसा मोहल्ल्यात, पलीकडे अरब अहमत मोहल्ल्यात, म्हणजे कुणी कुरकुर करायला नको.

अकिंजी पुढे २०१५ ला तुर्की सायप्रियटांचे नेते झाले, वाटाघाटीही खूप झाल्या, पण फाळणीचा तिढा काही सुटला नाही.

माझं हॉटेल दक्षिणेत, जुन्या शहराला लागून. रात्री फ्लश ओढला आणि एकटाच हसत सुटलो, हे आता पलीकडे निघालं, आणि खिडकीवर याला कोणी काही विचारणार नाही.