पोस्टग्रेस १२ वरून १७ वर: डंप, रिस्टोर आणि मधले खाचखळगे

पोस्टग्रेस (पोस्टग्रेसक्यूएल) या डेटाबेसच्या १२ व्या आवृत्तीचा सपोर्ट नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला. अजून तेच चालवत असाल तर अपग्रेड लांबवू नका. १७.२ वरून १७.४ वर जायचं असतं तर नवं पॅकेज टाकून सर्व्हिस रीस्टार्ट केली की झालं. मेजर आवृत्ती (१२ वरून १७ सारखी) बदलली की मात्र डिस्कवरच्या डेटाची आतली रचना बदलते, आणि जुनी डेटा डिरेक्टरी दिली तर नवा सर्व्हर सुरूच होत नाही.

डेटा शेकडो जीबी असेल तर पीजी_अपग्रेड हे जुनी डेटा डिरेक्टरीच नव्या आवृत्तीत नेणारं साधन वापरा. वीस-तीस जीबीपर्यंत मी डंप-रिस्टोरच सुचवेन, म्हणजे जुन्यातला डेटा फाइलीत काढून (डंप) नव्या सर्व्हरमध्ये भरायचा (रिस्टोर). जुन्या सर्व्हरला हात लागत नाही आणि सगळे इंडेक्स नव्याने बांधले जातात. सोबत ऑपरेटिंग सिस्टिमही बदलत असाल तर हे फार मोलाचं. लिनक्सची मूळ सी लायब्ररी ग्लिबसी, तिच्या २.२८ आवृत्तीमध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. त्याआधीच्या सिस्टिमवरचे इंडेक्स तसेच उचलून आणले तर असलेली नोंदही शोधात सापडत नाही, आणि एररही येत नाही.

डंप काढणारी कमांड म्हणजे पीजी_डंप; ती १७ चीच वापरा. नवं पीजी_डंप जुन्या सर्व्हरमधून डंप काढू शकतं, उलटं चालत नाही. डेबियन-उबुंटूवर १७ टाकलं की ते सहसा ५४३३ पोर्टवर जुन्याच्या शेजारीच उभं राहतं. पण तिथे नुसतं पीजी_डंप लिहून ५४३२ पोर्ट दिला तर १२ चं पीजी_डंप चालतं, म्हणून १७ च्या बिन फोल्डरचा पूर्ण पाथ द्या.

सगळ्यात जास्त विसरले जातात ते रोल, म्हणजे डेटाबेसचे युजर. पीजी_डंप एका डेटाबेसपुरतंच असतं. युजर आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. ते पीजी_डंपऑल या कमांडला ‘ग्लोबल्स-ओन्ली’ पर्याय देऊन वेगळे काढा आणि नव्या सर्व्हरवर आधी तीच फाइल चालवा. नाही चालवली तर टेबलं तयार होतात, डेटाही भरतो, पण मालकी रिस्टोर करणाऱ्या सुपरयुजरकडे राहते आणि ॲपला ‘परमिशन डिनाइड’ मिळतं.

पासवर्डची आणखी एक गोम आहे. आवृत्ती १४ पासून पासवर्ड साठवण्याची डीफॉल्ट पद्धत स्क्रॅम आहे, पण ग्लोबल्सच्या फाइलीतून जुन्या एमडी५ पद्धतीचे हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) तसेच येतात. कोणाला कसं लॉगिन करू द्यायचं हे ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलीत स्क्रॅम लिहिलेलं असेल तर बरोबर पासवर्ड देऊनही लॉगिन होत नाही. त्या युजरचा पासवर्ड नव्या सर्व्हरवर पुन्हा सेट करा.

मराठी मजकूर असेल तर जुन्या डेटाबेसवर length('मराठी') चालवून बघा. ५ आलं तर एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ८ आहे. १५ आलं तर अक्षरांऐवजी बाइट्स मोजले गेले, आणि डेटाबेसचं एन्कोडिंग एसक्यूएल_आस्की असण्याची शक्यता मोठी, म्हणजे आत जाणारे बाइट्स कधी तपासलेच गेले नाहीत. तो यूटीएफ८ मध्ये भरताना एका ओळीत जरी चुकीचा बाइट निघाला तरी ते अख्खं टेबल रिकामं राहतं, कारण एका टेबलाचा डेटा एकाच कॉपी कमांडने भरला जातो. आणि डंप भरणारी कमांड पीजी_रिस्टोर तिथे थांबत नाही, पुढचं टेबल घेते! म्हणून तिला ‘एक्झिट-ऑन-एरर’ पर्याय द्या, आउटपुट फाइलीत साठवा, आणि दोन्हीकडच्या मोठ्या टेबलांच्या ओळी मोजून ताडून पाहा.

आधी एकदा पूर्ण रंगीत तालीम करा आणि वेळ मोजा. डंपचा डिरेक्टरी फॉरमॅट घेतला तर डंप आणि रिस्टोर दोन्हींना एकाच वेळी चालणारे चार जॉब देता येतात. पोस्टजीआयएससारखी (नकाशांचा डेटा हाताळणारी) एक्स्टेन्शन असतील तर त्यांची १७ ची पॅकेजेस रिस्टोरआधीच टाका.

खऱ्या दिवशी डंपआधी ॲप बंद करा. डंप सुरू झाला त्या क्षणाचाच डेटा त्यात असतो, नंतर आलेली नोंद येत नाही. रिस्टोर झाल्यावर व्हॅक्यूमडीबी ही कमांड ‘ॲनालाइझ-इन-स्टेजेस’ पर्याय देऊन चालवा. डंपमधून स्टॅटिस्टिक्स (क्वेरी कशी चालवायची हे ठरवायला लागणारे टेबलांचे अंदाज) आलेले नसतात, त्यामुळे साध्या क्वेरीसुद्धा रखडतात.

ॲप सुरू करण्याआधी जुना सर्व्हर बंद करून ठेवा, पण डिरेक्टरी पुसू नका. परत फिरायचं असेल तर ते ॲप उघडण्याआधीच ठरवा. नव्या सर्व्हरवर पहिली नोंद पडली की ती जुन्यात नसणार.